पॉल एर्डोश: ज्याला घर नव्हतं, त्या माणसाचं नेटवर्क

नवीन ॲप टाकलं की ते आधी कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागतं. आपण न वाचता ओके करतो आणि दोन मिनिटांत यादी समोर येते: तुम्ही यांना ओळखत असाल. त्यात शाळेतला मित्र असतो, मामाच्या शेजारचे काका असतात आणि एखादी अशी व्यक्तीही असते, जिचा नंबर आपल्याकडे कधी नव्हताच. ॲपला कसं कळलं? तर आपल्या ओळखीच्या चार-पाच जणांकडे तिचा नंबर आहे. ॲपसाठी प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका आणि प्रत्येक ओळख म्हणजे दोन ठिपके जोडणारी रेषा.

ठिपके आणि रेषांच्या या चित्राला गणितात ग्राफ म्हणतात. ठिपका म्हणजे नोड आणि रेषा म्हणजे एज. एजला मराठीत म्हणतात कड, आणि अनेकवचन कडा. मी बीड जिल्ह्यातल्या, आष्टी तालुक्यातल्या कडा गावचा. त्यामुळे इंजिनिअरिंगला ग्राफ थिअरी शिकताना हा मराठी शब्द पहिल्यांदा दिसला, तेव्हा मी वर्गात एकटाच हसलो होतो.

या विषयावर दरवर्षी एक मोठी आंतरराष्ट्रीय कॉन्फरन्स भरते. तिचं नाव नेटसाय. 2006 मध्ये अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनला सुरू झाली आणि तेव्हापासून दरवर्षी नव्या शहरात असते. 2011 मध्ये बुडापेस्ट, 2023 मध्ये व्हिएन्ना, 2025 मध्ये नेदरलँड्समधलं मास्ट्रिख्ट. तिथे गणितवाले असतात, फिजिक्सवाले असतात, डॉक्टर असतात, समाजशास्त्रज्ञ असतात आणि माझ्यासारखे कोड लिहिणारेही असतात. रोगाची साथ कशी पसरते, अफवा कशी पसरते, वीज कुठून तुटली की किती जिल्हे अंधारात जातात, असे प्रश्न तिथे चर्चेला येतात. या क्षेत्रातल्या चाळिशीच्या आतल्या संशोधकाला 2012 पासून एक बक्षीस दिलं जातं: एर्डोश–रेन्यी प्राइझ.

यातले एर्डोश हे आजच्या गोष्टीचे नायक. ते गेले 1996 मध्ये, म्हणजे नेटसाय सुरू व्हायच्या दहा वर्षं आधी. त्यांच्या हातात स्मार्टफोन कधी आला नाही. पण तुमच्या फोनमधली बरीचशी जादू ज्या विचारावर उभी आहे, तो विचार त्यांनी आणि त्यांच्या मित्राने कागदावर मांडला होता.

बंद घरातला मुलगा

पॉल एर्डोशचा जन्म 26 मार्च 1913 चा, बुडापेस्टचा. आई अन्ना आणि वडील लायोश, दोघंही गणिताचे शिक्षक. घर ज्यू धर्माचं. पॉलच्या जन्माच्या सुमारासच त्याच्या दोन मोठ्या बहिणी स्कार्लेट फीव्हरने गेल्या. आई बाळ घेऊन घरी आली, पण घर रिकामं झालं होतं.

पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. वडील लढाईत रशियन सैन्याच्या हाती सापडले आणि थेट सैबेरियात गेले. परत यायला त्यांना सहा वर्षं लागली. दोन मुली गमावलेल्या आईने या मुलाला इतकं जपलं, की संसर्गाच्या भीतीने त्याला बराच काळ शाळेतही पाठवलं नाही. आई कामावर गेली की मुलगा घरात एकटा. सोबतीला आकडे. चार वर्षांचा असताना तो घरी आलेल्या पाहुण्यांना त्यांचं वय विचारायचा आणि तुम्ही आतापर्यंत इतके सेकंद जगलात, असा हिशोब तोंडी सांगायचा.

नेटवर्कच्या भाषेत सांगायचं, तर हा मुलगा जवळपास एकटा पडलेला ठिपका होता. एक रेषा आईकडे जाणारी, बाकी काही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पाव आणि लोणी

विशीच्या आतबाहेर असतानाच त्याने नाव कमावलं. 1 पेक्षा मोठी कोणतीही पूर्ण संख्या आणि तिची दुप्पट यांच्या मध्ये किमान एक मूळ संख्या, म्हणजे प्राइम नंबर, असतेच, हे आधीपासून सिद्ध झालेलं होतं. पण ती सिद्धता किचकट होती. पॉलने तिची सुटसुटीत सिद्धता दिली. 1934 मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याला डॉक्टरेट मिळाली.

पण हंगेरीत ज्यू तरुणांसाठी दारं बंद होत चालली होती. त्याच वर्षी तो इंग्लंडला, मँचेस्टरला गेला. इंग्लंडमध्ये पाव समोर आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की पावाला लोणी लावायचं काम आपण आयुष्यात कधी केलेलंच नाही, आतापर्यंत आईच लावून द्यायची. हॉस्टेलला पहिल्यांदा गेलेल्या आणि चहासुद्धा करता न येणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना हे लगेच समजेल. मी त्यातलाच.

1938 मध्ये एर्डोश अमेरिकेत प्रिन्स्टनला पोचले. मग दुसरं महायुद्ध आलं. 1942 मध्ये वडील गेले, मुलगा समुद्रापलीकडे. बरेच नातेवाईक नाझींच्या छळात मारले गेले. आई वाचली, पण तिची भेट व्हायला 1948 साल उजाडावं लागलं. एखाद्याने अशा वेळी स्वतःला कोंडून घेतलं असतं. एर्डोश यांनी उलटं केलं. त्यांनी घरच केलं नाही. कायमची नोकरी नाही, बायको-मुलं नाहीत, गाडी नाही. जवळ एक सुटकेस आणि वह्या. आज या विद्यापीठात, आठवड्याने त्या शहरात. एखाद्या गणितज्ञाच्या दारात उभं राहायचं, त्याच्या घरी मुक्काम करायचा, दोघांनी मिळून एखादा प्रश्न सोडवायचा आणि पुढच्या गावाला निघायचं. झोप जेमतेम चार-पाच तास. यजमानांची पार दमछाक व्हायची, पण हातात एक शोधनिबंध आलेला असायचा.

हजार फोनचा खेळ

आता येतो मूळ मुद्दा. 1959 आणि 1960 मध्ये एर्डोश यांनी आल्फ्रेड रेन्यी या हंगेरियन मित्राबरोबर ग्राफवर काही निबंध लिहिले. रेन्यी हे स्वतः युद्धकाळात मजूर छावणीतून निसटलेले. सैनिकाचा गणवेश चढवून त्यांनी स्वतःच्या आईवडिलांना बुडापेस्टच्या ज्यू वस्तीतून बाहेर काढलं होतं. युद्धाने उद्ध्वस्त केलेल्या शहरातली ही दोन माणसं. त्यांनी विचारलेला प्रश्न होता, विखुरलेले ठिपके एकमेकांशी जोडले कधी जातात?

सोप्या भाषेत बघू. समजा, कड्यात 1,000 जणांनी एकाच दिवशी नवे फोन घेतले आणि कोणाच्याच फोनमध्ये कोणाचा नंबर नाही. तुम्ही 1,000 नावांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाका. दोन चिठ्ठ्या काढा, त्या दोघांना एकमेकांचा नंबर द्या, चिठ्ठ्या परत डब्यात टाका. पुन्हा दोन काढा. असं करत राहा.

सुरुवातीला काहीच घडत नाही. 250 जोड्या लावल्या तरी दोघा-तिघांचे, पाच-दहांचे छोटे छोटे गट. 400 जोड्या झाल्या तरी सगळ्यांत मोठा गट काही डझन लोकांचाच. आपल्याला वाटेल, पुढेही असंच हळूहळू वाढणार. पण 500 च्या आसपास चित्र एकदम पालटतं. 600 जोड्यांना जवळपास 300 माणसं एकाच गटात आलेली असतात. 1,000 जोड्यांना सुमारे 800. म्हणजे कोणाचाही निरोप ओळखीतून ओळखीत जात त्या 800 पैकी कोणापर्यंतही पोचू शकतो. या मोठ्या गटाला जायंट कंपोनंट म्हणतात, आपण महागट म्हणू.

500 च का? कारण 500 जोड्या म्हणजे माणशी सरासरी एक ओळख. एकच! सरासरी एकच्या खाली असेल तर सगळे विखुरलेले, एकच्या वर गेली की महागट तयार. पाणी 99 अंशांपर्यंत नुसतं तापतं आणि मग उकळतं, तसं.

हे निव्वळ गणित नाही. भारतात व्हॉट्सॲपने 2018 मध्ये मेसेज एका वेळी पाचच चॅट्सना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. 2020 मध्ये खूप वेळा फॉरवर्ड झालेल्या मेसेजसाठी ती एका चॅटवर आणली. मागचा विचार हाच. अफवा मिळालेला माणूस ती सरासरी एकापेक्षा कमी नव्या माणसांना देत असेल, तर अफवा आपोआप विझते. एकापेक्षा जास्त असेल, तर पसरतच जाते. साथीच्या रोगाचंही तेच. करोनाच्या काळात बातम्यांमध्ये आर नावाचा आकडा एकच्या खाली आणायची चर्चा चालायची, आठवतं?

आता खेळाचा शेवट. 1,000 च्या 1,000 माणसं महागटात यायला किती जोड्या लागतात? सुमारे 3,450. म्हणजे 800 माणसं 1,000 जोड्यांत आली, उरलेल्या 200 साठी आणखी अडीच हजार लागल्या. आणि अगदी शेवटपर्यंत बाहेर कोण राहतं? एर्डोश आणि रेन्यी यांच्या गणितातून निघतं, की ते छोटे गट नसतात. ते असतात एकटे ठिपके, ज्यांची एकही चिठ्ठी निघालेली नाही. त्यांना आत यायला फक्त एक रेषा हवी असते. पण ती नशिबावर सोडली, तर फार उशिरा येते.

चिठ्ठी निघायची वाट न बघणारा माणूस

इथे मला एर्डोश यांचं आयुष्य त्यांच्या गणितापेक्षा मोठं वाटतं. कागदावर त्यांनी रेषा नशिबावर सोडल्या. प्रत्यक्षात ते स्वतः रेषा घेऊन हिंडत राहिले, एकट्या ठिपक्यांच्या शोधात.

त्याच 1959 मध्ये बुडापेस्टमध्ये त्यांच्या कानावर आलं, की लायोश पोशा नावाचा एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा गणितात फार हुशार आहे. जगप्रसिद्ध माणूस त्या मुलाला जेवायला भेटला. मुलगा सूप पीत असताना त्यांनी त्याला कोडं घातलं. आपण ते आकडे घालून बघू: 1 ते 100 मधल्या कोणत्याही 51 संख्या निवडा. त्यात अशा दोन निघतीलच, ज्यांना 1 सोडून एकही सामाईक विभाजक नाही. का?

उत्तर वाचायच्या आधी अर्धा मिनिट थांबा.

1-2, 3-4, 5-6 अशा 50 जोड्या करा. 51 संख्या निवडल्या, तर एका तरी जोडीतल्या दोन्ही येणारच. त्या लागोपाठच्या संख्या, आणि लागोपाठच्या संख्यांना सामाईक विभाजक नसतो. सूप संपायच्या आत पोराने उत्तर दिलं होतं. पुढे एर्डोश त्याला प्रश्न पाठवत राहिले आणि आज ग्राफ थिअरीत एर्डोश–पोशा नावाचं प्रमेय आहे.

न सुटलेल्या प्रश्नांवर ते स्वतःच्या खिशातून बक्षीस लावायचे, 25 डॉलरपासून हजारोंपर्यंत. 1984 च्या वुल्फ प्राइझमध्ये 50,000 डॉलर मिळाले. त्यातले 720 ठेवून बाकी सगळे देऊन टाकले, बहुतांश एका शिष्यवृत्तीला. भारतात व्याख्यानं दिली, तेव्हा मिळालेलं मानधन रामानुजन यांच्या पत्नीला दिलं. रामानुजन यांना ते कधी भेटले नव्हते, पण मद्रासच्या त्या कारकुनाची पहिली रेषा एका पत्राने जोडली गेली होती, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

रेषा तुटतात तेव्हा

सगळं गोडगोड नव्हतं. 1949 मध्ये त्यांनी आणि नॉर्वेच्या आटले सेल्बर्ग यांनी मूळ संख्यांबद्दलच्या एका फार मोठ्या प्रमेयाला नवी सिद्धता मिळवून दिली. श्रेय कोणाचं किती, यावरून दोघांचं बिनसलं आणि निबंध वेगवेगळे छापले गेले. शेकडो लोकांबरोबर लिहिणाऱ्या माणसाची ही एक जोडी जमलीच नाही.

1954 मध्ये ॲमस्टरडॅमला गणिताची मोठी कॉन्फरन्स होती. अमेरिकेत तेव्हा कम्युनिस्टांबद्दल टोकाचा संशय होता आणि एर्डोश कम्युनिस्ट हंगेरीचे नागरिक. गेलात तर परत येऊ देणार नाही, असं सरकारने कळवलं. ते गेले. 1963 पर्यंत त्यांना अमेरिकेत मोकळेपणाने जाता आलं नाही. मधल्या काळात इस्राएलने थारा दिला, हंगेरीने बाहेर जा-ये करायची खास मुभा दिली. दोन बलाढ्य गटांत जग वाटलं गेलं होतं आणि मधल्या भिंतीतून हा माणूस सुटकेस घेऊन आरपार फिरत होता.

1964 पासून आई त्यांच्याबरोबर प्रवासाला निघाली, वयाच्या ऐंशीनंतर! 1971 मध्ये कॅनडात, प्रवासातच ती गेली. त्यानंतर एर्डोश सावरले नाहीत. काम करत राहण्यासाठी ते उत्तेजक गोळ्यांच्या आहारी गेले. रोनाल्ड ग्रॅहम या मित्राने 500 डॉलरची पैज लावली, तेव्हा महिनाभर बंद ठेवून दाखवल्या आणि मग पुन्हा सुरू केल्या. त्यांच्या झपाट्याचं कौतुक करताना हेही सांगायला हवं. याच ग्रॅहमकडे एर्डोश यांचे पैशांचे हिशोब असायचे आणि घरात त्यांच्यासाठी एक खोलीही. घर नसलेल्या माणसाला मित्रांनी सांभाळलं, म्हणून ते गणित झालं.

एर्डोश नंबर आणि आपले श्रीखंडे

त्यांनी सुमारे 1,500 निबंध लिहिले, 500 हून जास्त सहलेखकांबरोबर. यावरून गणितज्ञांनी एक गमतीचा आकडा काढला. एर्डोश स्वतः 0. त्यांच्याबरोबर लिहिलं तर तुमचा नंबर 1. नंबर 1 वाल्याबरोबर लिहिलं तर 2. लिंक्डइनवर नावापुढे फर्स्ट, सेकंड, थर्ड दिसतं ना, तेच. आइन्स्टाइनचा नंबर 2 आहे.

तो 2 ज्या माणसामुळे आला, त्याच्यातून एक वाट आपल्या महाराष्ट्राकडे येते. गणितातला बादशहा ऑयलर याने 1782 मध्ये सुडोकूसारख्या चौकोनांबद्दल एक अंदाज केला होता, की अमुक आकाराच्या चौकोनांची विशिष्ट जोडी जमूच शकत नाही. 1959 मध्ये आर. सी. बोस, ई. टी. पार्कर आणि शरदचंद्र श्रीखंडे यांनी तो खोटा ठरवला. श्रीखंडे नागपुरात शिकलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झालेले. न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. पुढच्याच वर्षी त्यांच्या कामावर पाय ठेवून तिघांनी आणखी पुढचा निकाल काढला: लाहोरला वाढलेले सर्वदमन चावला, एर्डोश आणि अर्न्स्ट स्ट्राउस. हे स्ट्राउस म्हणजे आइन्स्टाइनचे जुने सहायक. नागपूर, लाहोर, बुडापेस्ट, प्रिन्स्टन, सगळं दोन-तीन रेषांत.

शेवटची कॉन्फरन्स

20 सप्टेंबर 1996 ला एर्डोश वॉर्साला एका कॉन्फरन्ससाठी आलेले असतानाच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वय 83. बुडापेस्टला आईवडिलांशेजारी त्यांना पुरलं. सहलेखक अर्धवट राहिलेलं काम पुढे नेत राहिले आणि त्यांच्या नावाचे निबंध नंतरही अनेक वर्षं छापले जात होते.

त्यांच्या गणितात एक उणीवही सापडली. खऱ्या जगात चिठ्ठ्या काढून ओळखी होत नाहीत. 1999 मध्ये हंगेरियन वंशाचेच बाराबाशी आणि त्यांची विद्यार्थिनी रेका अल्बर्ट यांनी दाखवलं, की इंटरनेटसारख्या जाळ्यात काही मोजक्या ठिपक्यांना प्रचंड रेषा असतात आणि नवीन रेषाही बहुधा त्यांनाच मिळतात. मुंबई-पुण्याला सगळं मिळतं आणि आष्टी-पाटोद्याला वाट बघावी लागते, तसं. त्या शोधानंतर नेटवर्क सायन्सने जोर धरला आणि त्यातूनच नेटसाय उभी राहिली. गंमत म्हणजे, गणितज्ञांच्या जाळ्यात असा सगळ्यात ठसठशीत ठिपका एर्डोश स्वतःच होते.

कड्याला रेल्वे हवी, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. 23 सप्टेंबर 2022 ला नगर ते आष्टी गाडी सुरू झाली आणि वाटेवरच्या कड्याला स्टेशन मिळालं. 17 सप्टेंबर 2025 पासून ती बीडपर्यंत जाते. परळीपर्यंतचं काम झालं, की ही रेषा तिकडच्या रेल्वेला जाऊन मिळेल. नकाशात बघाल तर छोटीशी रेघ. पण एकट्या ठिपक्याला महागटात यायला एकच रेघ पुरते.

ही रेघ सरकार टाकतं, ती येईल तेव्हा येईल. दुसरी रेघ आपली आपल्याला टाकता येते. माझी पहिली नोकरी कशी लागली सांगतो. वर्गातल्या 60 मित्रांकडून नाही, कारण ते सगळे एकमेकांनाच ओळखत होते आणि सगळ्यांना तीच माहिती होती. लागली ती एका दोन दिवसांच्या कार्यक्रमात भेटलेल्या परक्या माणसामुळे, ज्याला मी घाबरत घाबरत मेल लिहिला होता. त्या मेलआधी मी चार दिवस नुसता मसुदा उघडून बंद करत होतो.

तुमच्या फोनमध्ये 500 कॉन्टॅक्ट्स असतील. त्यातले किती जण एकमेकांना आधीच ओळखतात, ते एकदा मोजा. मग गावाबाहेरच्या, तुमच्या आवडीच्या विषयातल्या एका माणसाला या आठवड्यात एक नीट मेसेज लिहा. उत्तर नाही आलं तर दुसऱ्याला लिहा.